गांवच्या पाण्याचा जमाखर्च

शेतकऱ्यास हिशेब ठेवतां येत नाहीं, हा आरोप आम्हांस मान्य नाहीं. सोसायटीचें देणें किती, कणगींतील जोंधळा किती महिने पुरेल, गंजींत कडब्याच्या पेंढ्या किती उरल्या, कोणत्या गड्याची किती उचल झाली, हें सर्व चांगल्या कारभाऱ्यास तोंडपाठ असतें. परंतु ज्या एका वस्तूवांचून ह्या साऱ्या नोंदी व्यर्थ, त्या पाण्याचा जमाखर्च मात्र फारच थोड्या गांवीं ठेविला जातो. विहिरीस पाणी आहे तोंवर पंप चालवावा, आणि तें आटलें म्हणजे आभाळाकडे पाहावें, हाच बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. हा जमाखर्च कसा मांडावा, तो मांडल्यानें काय दिसतें, आणि ज्या गांवांनीं त्याप्रमाणें वागण्याचें धाडस केलें त्यांस काय लाभलें व काय सोसावें लागलें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. लेख दख्खनच्या अवर्षणी पट्ट्यापुरता आहे. कोंकण व मावळ यांची गोष्ट निराळी.

पाऊस पूर्वींसारखा राहिला नाहीं, हें एके काळीं म्हाताऱ्या माणसांचें गाऱ्हाणें समजलें जात असे. आतां तें मोजमापानें ठरलें आहे. इ. स. १९५० ते २०१५ या काळांत मध्य हिंदुस्थानांतील विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या प्रसंगांची संख्या सुमारें तिप्पट झाली, असें हवामानशास्त्रज्ञांस आढळून आलें. उलट पक्षीं, इ. स. २०२३ चा ऑगस्ट महिना हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. इ. स. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें ऐन सुगींत गारा पडून गहू, हरभरा व द्राक्षें यांची जी नासाडी झाली ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. पृथ्वीचें तापमान वाढत आहे, उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेविते, व तें बाष्प पुढें एकदम खालीं येतें; म्हणून वर्षाची बेरीज तीच राहिली तरी ती थोड्या दिवसांत पडते व मधल्या उघडिपी लांबतात. पंधरा दिवसांत झिमझिम पडणारा पाऊस जमीन पिऊन टाकते. तोच पाऊस दोन तासांत पडला तर माती घेऊन ओढ्याला जातो. सरासरीच्या आंकड्यावर भिस्त ठेवून शेती करण्याचे दिवस यामुळें गेले आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

इ. स. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें एक गोष्ट नेहमी सांगतात. त्या वर्षीं घरांत धान्य नव्हतें, पण विहिरी-आडांच्या तळाशीं थोडें तरी पाणी होतें. इ. स. २०१६ सालीं दुकानांत धान्य होतें, पाणी मात्र नव्हतें. त्या वर्षाच्या ११ एप्रिल रोजीं मिरजेहून लातुराकरितां पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस तिच्या दहा टाक्यांतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी गेलें. हा पांच लक्षांचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे. दोन दुष्काळांच्या मधल्या चव्वेचाळीस वर्षांत पाऊस नाहींसा झाला नाहीं. विजेचा पंप आला, विंधन विहीर आली, आणि पूर्वीं मोटेनें दिवसभरांत जेवढें पाणी निघे तेवढें कांहीं मिनिटांत उपसण्याची शक्ति प्रत्येकाच्या हातीं आली. शक्ति वाईट नव्हे. पण खर्च करण्याचा वेग वाढला असतां शिल्लक पाहण्याची संवय लागली नाहीं.

आतां जमेची बाजू पाहूं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलें. एकराच्या हिशेबानें चार हजार लिटरांहून किंचित् अधिक. हें एक कोष्टक पाठ असलें म्हणजे बाकीचें गणित शाळेंतला मुलगाहि करील. उदाहरणादाखल एक हजार हेक्टरांचें, म्हणजे सुमारें अडीच हजार एकरांचें, एक गांव घेऊं. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें सोळा इंच. ह्या गांवावर वर्षांत ४०० कोटी लिटर पाणी पडतें. आंकडा ऐकून छाती फुगते, पण त्यांतलें बहुतेक पाणी आपल्या हातीं यावयाचें नसतें. मोठा भाग खरिपाचें पीक, गवत व झाडें शोषून घेतात किंवा तो उन्हानें उडून जातो. कांहीं ओढ्याला लागतो. जमिनीच्या पोटांत विहिरींपर्यंत किती उतरतो, हा खरा प्रश्न आहे.

आपला दख्खनचा खडक काळा पाषाण, ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर होऊन बनलेला. तो वाळूप्रमाणें पाणी पीत नाहीं. वरचा कुजलेला मुरूम, फटी व सच्छिद्र थर यांतच काय तें पाणी राहतें. त्याखालीं घट्ट कातळ. भूजलाचा अंदाज बांधणारे सरकारी तज्ज्ञ कुजलेल्या पाषाणांत पावसाचा शेंकडा सात व सच्छिद्र, भेगाळ पाषाणांत शेंकडा तेरा इतका भाग मुरतो असें धरितात. आपण मधला दहा धरूं. म्हणजे ४०० कोटींपैकीं आपल्या गांवाच्या खात्यावर जमा झालें ४० कोटी लिटर. साठवणहि अशीच तुटपुंजी. कुजलेल्या पाषाणाच्या एकूण आकारमानाच्या शेंकडा दोन इतकेंच पाणी विहिरीस सुटून मिळतें. एका हेक्टराखालीं पाण्याची पातळी एक मीटर वर चढली तर तेथें दोन लक्ष लिटर पाणी सांठलें, इतकेंच. विहिरीच्या कांठावर उभें राहून दोन पुरुष पाणी दिसलें म्हणजे आपणांस समुद्र लाभल्यासारखें वाटतें. वस्तुतः तो खडकाच्या बारीक भेगांत भरलेला ओलावा आहे, आणि तो आपल्या व शेजाऱ्याच्या बांधाखालून एकच आहे.

खोल विंधन घेतलें म्हणजे निराळें पाणी लागतें, अशी एक समजूत आहे. क्वचित् लागतेंहि. पण तें बहुधा अनेक वर्षांपूर्वीं मुरलेलें असतें व एकदां काढलें म्हणजे त्याची भर लवकर होत नाहीं. किंवा तें वरच्याच थरांतून फटींवाटे खालीं ओढलें जातें, आणि मग शेजारची उथळ विहीर कोरडी पडते. पहिल्या प्रकारांत आपण नातवाची ठेव मोडतों, दुसऱ्यांत भावाची. महाराष्ट्राच्या इ. स. २००९ च्या भूजल अधिनियमांत साठ मीटरांहून खोल विंधनास अटकाव करणारीं कलमें आहेत व तो कायदा २०१४ पासून अंमलांत आला आहे. विंधनयंत्राची गाडी रात्रीं गांवांत येते तेव्हां कायद्याचें पुस्तक कोणी उघडून पाहत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

खर्चाच्या बाजूस पहिला मान माणसांचा. गांवांत दीड हजार माणसें धरलीं व दर माणशीं दर दिवशीं ५५ लिटर धरलें, तर वर्षाला तीन कोटी लिटर. एक हजार मोठीं जनावरें, दर जनावरास ६० लिटर, म्हणजे आणखी सव्वादोन कोटी. एकूण सव्वापांच कोटी. ओढ्यांत झिरपून जाणारें व पुढील सालाकरितां राखावयाचें मिळून तितकेंच पाणी बाजूस ठेवावें. राहिलें सुमारें तीस कोटी लिटर. हें पिकांचें. ह्या तीस कोटींत काय पिकेल?

रबी जोंधळा हा आमच्या भागाचा जुना सोबती. तो मुख्यतः काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर येतो. मोहोळच्या केंद्रांत निवडून काढलेली मालदांडी ही जात ह्याच गुणाकरितां आजहि टिकून आहे. त्याला पोटरींत असतांना साठ मिलिमीटरांचें एक संरक्षक पाणी मिळालें तर दाणा व कडबा दोन्ही सावरतात. असें एक पाणी एका एकरास सुमारें दोन लक्ष चाळीस हजार लिटर होतें. म्हणजे तीस कोटींत एक हजार दोनशें एकरांहून अधिक जोंधळ्यास एक पाणी, किंवा त्याच्या निम्म्या क्षेत्रास दोन पाण्यें. आतां ऊस घ्या. मोकळ्या पाटानें बारमाही उसास दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागतें. त्याच्यावर पडलेला पाऊस वजा करून विहिरीवर सोळाशें मिलिमीटरांचाच बोजा धरला, तरी एका एकरास पासष्ट लक्ष लिटर झाले. तीस कोटींत शेंचाळीस एकर ऊस! अडीच हजार एकरांच्या गांवांत शेंचाळीस एकर. कोरडा राहिलेला बाकी शिवार कोणाचा, हें वाचकांस सांगावयास नको.

आणि लातुरास गेलेल्या त्या पहिल्या आगगाडीचें पाणी? पांच लक्ष लिटर म्हणजे उसाच्या तीन गुंठ्यांचें वर्षाचें पाणी.

ऊस लावणारे आमचे पुष्कळ वाचक आहेत व त्यांस हें कडू लागेल, हें आम्ही जाणतों. ऊस लावणें हा गुन्हा नव्हे. त्याला कारखाना ठरलेल्या दरानें घेणारा आहे, तो गारेनें सहसा जात नाहीं, त्याच्यावर कर्ज मिळतें. जोंधळ्याला यांतलें कांहीं नाहीं. शेतकरी मूर्ख म्हणून ऊस लावीत नाहीं, बाजार त्यास तिकडे ढकलतो. बारमाही नदीकांठीं व भरवंशाच्या कालव्याखालीं तो शोभतोहि, आणि ठिबकानें दिल्यास त्याचें पाणी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वांचतें. आमचें म्हणणें सोळा इंचांच्या प्रदेशांतील विहिरीवरच्या उसापुरतें आहे. त्याचा मुख्य दोष पाणी अधिक पितो एवढाच नाहीं. जोंधळा पेरतांना ह्या वर्षाचें पाणी डोळ्यांपुढें असतें. ऊस लावतांना आपण पुढच्या वर्षाच्या, अजून न पडलेल्या पावसावर हुंडी लिहितों. तो पाऊस ४०० ऐवजीं २०० मिलिमीटर पडला म्हणजे काय होतें पाहा. मुरलेलें पाणी वीस कोटी, तेंहि पाऊस संथ पडला तर. माणसें व जनावरें यांचे सव्वापांच कोटी कमी करतां येत नाहींत. राहिले पंधरा कोटींच्या आंत. उभा शेंचाळीस एकर ऊस त्या कोरड्या वर्षीं तीस कोटींहूनहि अधिक मागतो. मग ज्याचा पंप मोठा व विंधन खोल तो आपला ऊस वांचवितो, आणि माघांतच गांव टँकरची वाट पाहूं लागतें. दुष्काळ आभाळांतून येतो हें अर्धें खरें आहे. उरलेला अर्धा आदल्या वर्षीं लागवडीच्या वेळींच ठरलेला असतो.

हा हिशेब कागदावर सोपा. तो एकट्यानें पाळून मात्र उपयोग नाहीं, कारण मी वांचविलेलें पाणी शेजाऱ्याच्या पंपास मिळावयाचें. म्हणून हें काम गांवानें मिळून करावयाचें आहे, आणि आपल्याकडे त्याची परंपराहि आहे. धुळें व नाशिक भागांत पांझरा, मोसम वगैरे नद्यांवर बंधारे घालून चालविलेली फड पद्धति तीन-चारशें वर्षांची जुनी समजतात. बंधाऱ्याखालील सर्व जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, कोणत्या फडांत कोणतें पीक हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, दरसाल फेर बदलावयाचा, आणि पाणी पाटकऱ्यानें द्यावयाचें. मालकानें स्वतः दार फोडावयाचें नाहीं. तेथें पाणी डोळ्यांस दिसत असे म्हणून ही शिस्त सुचली. भूजल दिसत नाहीं, म्हणून ती सुचण्यास १९७२ चा दुष्काळ यावा लागला.

पुण्यांत यंत्रें बनविण्याचा कारखाना चालविणारे विलासराव साळुंखे नांवाचे एक इंजिनियर त्या दुष्काळांत पुरंदर तालुक्यांत मदतकार्याकरितां गेले. खडी फोडणारीं हजारों माणसें पाहून त्यांस असें वाटलें कीं, हेच हात पाणी अडविण्यास लागले तर पुढच्या दुष्काळीं खडी फोडण्याची पाळी येणार नाहीं. इ. स. १९७४ सालीं त्यांनीं ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापिलें व नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर उतरती, उजाड जमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर समपातळींत बांध घातले, पायथ्याशीं पाझर तलाव बांधला, त्याच्या खालच्या अंगास विहीर खणली, आणि पाझरून विहिरींत आलेलें पाणी उपसून परत वर शेतांस दिलें. ह्यांत कारागिरी विशेष कांहीं नाहीं. कोणीहि जाणता शेतकरी इतकें करील. विशेष आहे तें पुढें पाणी वांटण्याच्या नियमांत, आणि त्यांसच पाणी पंचायत हें नांव पडलें.

पाणी जमिनीच्या प्रमाणांत द्यावयाचें नाहीं, माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें, हा पहिला नियम. दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें पाणी, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. वीस एकरांचा मालक असो वा तीन एकरांचा, घरांत पांच माणसें असतील तर दोघांस सारखेंच. बाकीची जमीन पावसावर. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नसे. जमीन विकली तर तो हक्क घेणाराकडे न जातां संस्थेकडे परत येई. ऊस लावण्यास मनाई होती. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं आधीं रोख भरावयाचा. एकूण खर्चापैकीं निम्मा सरकारी अनुदानांतून व राहिलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जांतून होई. पाणी देण्यास सभासदांनींच पाटकरी नेमावयाचा. आणि ज्यास जमीनच नाहीं, अशा भूमिहीनासहि पाण्याचा वांटा होता. तो वांटा घेऊन त्यानें कोणाची जमीन अर्धेलीनें करावी.

ह्या शेवटच्या कलमावर जमीनदार मंडळींचा रोष झाला नसता तरच नवल. आमच्याहि वाचकांपैकीं कित्येकांच्या कपाळास येथें आंठी पडेल. माझ्या शेतांत मुरलेलें पाणी ज्याचें एक वाफाभर शेत नाहीं त्यास कां द्यावें? प्रश्न उघड आहे व त्यास उघडच उत्तर दिलें पाहिजे. पाझर तलावांत येणारें पाणी आपल्या शेतांतलें नसतें. तें गांवच्या डोंगरावरून, गायरानांतून व वनखात्याच्या जमिनींतून येतें, आणि त्यांवर साऱ्या गांवाचा हक्क आहे. तलावाची माती वाहिली ती बहुधा रोजगार हमीवरच्या मजुरांनीं, व त्यांस मजुरी दिली ती सार्वजनिक तिजोरींतून. हें न्यायाचें झालें. व्यवहार पाहूं म्हटलें तरी तेंच. दरसाल दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें मुलांबाळांसह ऊसतोडीस निघून जातात. शाळा ओस पडतात, म्हातारीं माणसें मागें राहतात, आणि ऐन सुगींत आपणांसच गडी मिळत नाहीं. ज्याच्या वांट्यास अर्ध्या एकराचें पाणी आहे तो कोयता खांद्यावर टाकून गांव सोडण्यापूर्वीं दोनदां विचार करितो. आणि नियम मोडणाराकडे पाहणारे डोळेहि वाढतात. ज्यास पाण्यांत कांहींच नाहीं, तो रात्रीं चालणाऱ्या पंपाविषयीं कशाला बोलेल?

पाणी पंचायतीचें सर्व सुरळीत झालें असें मात्र नाहीं. साळुंखे इ. स. २००२ सालीं निवर्तले. त्यांच्या हयातींत व नंतर कित्येक योजना बंद पडल्या. कोठें विजेचें बिल थकलें, कोठें मोठ्या प्रकल्पाचें पाणी आलें व लोक उसाकडे वळले, कोठें भाऊबंदकी आडवी आली. पाण्याची टंचाई आहे तोंवर नियम गोड लागतात, सुबत्ता दिसूं लागली कीं ते कांचतात, असा हा अनुभव आहे. ज्या गांवास हें काम करावयाचें असेल त्यानें चांगल्या पावसाच्या वर्षाचीच अधिक धास्ती बाळगावी.

चांगल्या वर्षींहि नियम टिकविलेल्या गांवाचें उदाहरण म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार पुढें येतें. पाऊस चारशें मिलिमीटरांच्या सुमाराचा. १९७२ नंतर ह्या गांवाची पुरी दैना झाली. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, दारूच्या भट्ट्या, आणि कामकरी माणसें पोट भरण्यास परगांवीं. इ. स. १९८९ सालीं पोपटराव पवार हे सरपंच निवडून आले. जवळच्या राळेगण सिद्धीचा कित्ता त्यांच्यापुढें होताच. आदर्श गांव योजनेचीं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान हीं पांच सूत्रें गांवानें स्वीकारलीं, आणि रोजगार हमीच्या मजुरीवर डोंगरास समपातळी चर खोदून घेतले. येथपर्यंत अनेक गांवें आलीं. हिवरे बाजारानें पुढें तीन बंधनें घातलीं व तीं चालविलीं: शेतीकरितां विंधन विहीर घ्यावयाची नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहीं, आणि गांवची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं. पाणी आल्याबरोबर जमिनीचे भाव चढतात व शहरचा पैसा येतो. तिसरें बंधन नसतें तर पहिलीं दोन फार वर्षें टिकलीं नसतीं, असें आमचें मत आहे.

ह्या गांवीं पर्जन्यमापक आहेत, ठराविक विहिरींची पातळी नियमानें मोजली जाते, आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधीं माणसें, मग जनावरें, मग रब्बी. पाऊस कमी झाला असेल त्या वर्षीं अधिक पाणी मागणारीं पिकें आखडतीं घेतात. इ. स. २००० नंतरच्या दुष्काळांत आसपासच्या गांवीं टँकर फिरत असतां ह्या गांवास त्याची गरज पडली नाहीं. परंतु आमच्या दृष्टीनें अधिक शिकण्यासारखी गोष्ट दुधाची आहे. चराईबंदीमुळें डोंगरावर गवत वाढलें. गुरें आंत सोडावयाचीं नाहींत, विळ्यानें कापून न्यावें, असा नियम झाला. इ. स. १९९५ च्या सुमारास गांवांतून दिवसाकाठीं दीडशें लिटरांच्या आसपास दूध बाहेर जात असे. तें पुढें कांहीं हजार लिटरांवर गेलें. गवत हें पावसाचेंच पाणी, पण त्याला पंप लागत नाहीं, आणि पीक बुडालें त्या वर्षींहि ज्याच्या दारीं दोन गाई आहेत त्याची चूल पेटते. गेलेलीं कित्येक कुटुंबें परत आलीं. पवार यांस इ. स. २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली.

हिवरे बाजाराकडे दाखवून प्रत्येक गांवास दोष देण्याची जी एक टूम निघाली आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. तेथें डोंगर होता, सरकारी पैसा वेळेवर आला, आणि तीस वर्षें एकाच माणसाचा पाठपुरावा लाभला. हीं तिन्ही सगळीकडे कशीं मिळावीं? पण ताळेबंद मांडण्यास ह्यांतलें कांहींच लागत नाहीं, म्हणून त्याची रीत थोडक्यांत देतों.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या उघड्या अंगणांत पर्जन्यमापक ठेवावा व रोज सकाळीं साडेआठ वाजतां आंकडा लिहावा. हें काम वरच्या वर्गांतील मुलें उत्तम करितात. गांवांतील दहा-बारा विहिरी निवडाव्या. कांहीं माथ्यावरच्या, कांहीं मधल्या, कांहीं ओढ्याकांठच्या असाव्या, नाहींतर सरासरी फसवी येईल. प्रत्येकीच्या कांठावर रंगानें खूण करून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचें अंतर फितीनें मोजावें. पहिलें माप मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत, दुसरें ऑक्टोबरच्या आरंभीं. मोजण्याच्या आदल्या रात्रीपासून त्या विहिरीवरचा व शेजारचा पंप बंद ठेवावा. दोन्ही मापांतील फरक म्हणजे पाण्याचा चढ. सरासरी चढ मीटरांत घेऊन त्यास शिवाराच्या हेक्टरांनीं गुणावें व दोन लक्षांनीं गुणावें. जमेची रक्कम लिटरांत निघाली. आमच्या उदाहरणांतील गांवीं चाळीस कोटी लिटरांकरितां हा चढ सरासरी दोन मीटर यावयास पाहिजे. पावसाच्या शेंकडा दहावरून काढलेला आंकडा व हा आंकडा अगदीं जुळणार नाहींत. ज्या वर्षीं दोहोंत फार तफावत पडेल त्या वर्षीं लहान आंकडा खरा मानून चालावें. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी बहुतेक तालुक्यांत आहेत. त्यांच्या नोंदींशीं आपलें माप ताडून घ्यावें.

मग ऑक्टोबरांतच, रब्बीची पाभर शेतांत जाण्यापूर्वीं, ग्रामसभा घ्यावी. फळ्यावर डाव्या बाजूस जमा व उजव्या बाजूस खर्च लिहावा. माणसें व जनावरें यांचें पाणी पुढील जूनअखेरपर्यंतचें धरावें, मे अखेरपर्यंतचें नव्हे. पाऊस उशिरां येतो. कोणी कोणतें पीक किती एकर घेणार हें ज्याचें त्यानें उभें राहून सांगावें व तें तेथेंच उजव्या बाजूस मांडावें. पहिल्या वर्षीं कोणावर कसलेंहि बंधन घालूं नये, केवळ बेरीज करावी. बहुतेक गांवीं उजवी बाजू डावीच्या दुप्पट तरी निघेल, व सभेंत बरीच आरडाओरड होईल. ती होऊं द्यावी, व फळा पुसण्यापूर्वीं सर्व आंकडे ग्रामपंचायतीच्या वहींत उतरून घ्यावे, म्हणजे मे महिन्यांत विहिरी मोजतांना ते ताडून पाहतां येतील.